सातव्या भागाच्या आधी

माझं काम दुधाच्या पेल्याचं.
म्हणजे मघाच्या शॉटमध्ये पेला अर्धा असेल
तर आताही अर्धाच हवा,
मेणबत्ती बोटभरच जळलेली,
राजकन्येची डावी बाही कोपरापर्यंत ओली.
लार्नच्या या जुन्या लिनन गिरणीत
आता प्लायवूडचा किल्ला उभा आहे,
समुद्रावरचा वारा त्याचे बुरूज हलवतो,
पण माझ्या वहीवाचून इथे पान हलत नाही.

सहाव्या भागाच्या शेवटी नेरिस चौदा वर्षांची,
घुबडाला घाबरून जिन्यात बसलेली.
मग काळा पडदा, त्यावर दोन शब्द :
दहा वर्षांनंतर.
सातव्याच्या सुरुवातीला ती घोड्यावरून उतरते
आणि भावाच्या माणसांना फाशी द्या म्हणते,
हातमोजेसुद्धा न काढता.

मधल्या दहा वर्षांचं मला कुणी विचारलं नाही.
पेला किती भरला होता, कुणास ठाऊक.

आधी ते फक्त एक रात्र गाळायचे.
मग एक हिवाळा, मग वेढ्याचे आठ महिने.
म्हातारी राणी अशीच दोन दृश्यांच्या फटीत गेली.
तिचं कुणाला फारसं वाटलं नाही,
पण काळ सोकावला.

ब्रोनाचा शेवटचा दिवस गुरुवार.
टोप काढला तरी गोंद कपाळाला चिकटून होता.
म्हणाली, डर्व्हला, खोटं बोलायच्या आधी
मी कानाची पाळी चिमटीत धरते. नेरिस धरते, म्हणजे.
जी येईल तिला सांगशील?
मी लिहिलं : पाळी, उजवी.
मग ती आईच्या गाडीत बसून घरी गेली.
तिला तिची दहा वर्षं
एकेक मंगळवार करत काढायची आहेत,
भूगोलाच्या परीक्षेसकट.

क्लोदा सोमवारी आली, थंडीनं नाक लाल.
विचारलं, मी भावाचा एवढा द्वेष का करते?
मी पटकथा उलटसुलट पाहिली.
तिथे लिहिलं होतं : द्वेष करते.
लेखक म्हणाला, मध्ये युद्धं झाली ना.
जणू युद्ध झालं की माणूस आपोआप आंबतो,
दूध ठेवलं की दही व्हावं तसा.
आणि विरजण? ते कुणी लावलं?

त्या रात्री कॅराव्हॅनमध्ये हीटर लावून लिहायला बसले.
पहिल्या वर्षी ती जिन्यात बसणं सोडते.
तिसऱ्या वर्षी भावाचं पत्र येतं,
त्यात फक्त घोड्यांची चौकशी.
चौथ्या वर्षी काहीच घडत नाही.
(हे नीट दाखवायला हवं.)
सहाव्या वर्षी आई अंथरुणाला खिळते, तो येतो म्हणतो,
ती सात रात्री दाराची कडी काढून ठेवते.

इथे पेन थांबलं.
ही कडी किल्ल्याची नव्हती.

माझा भाऊ फर्गल पर्थहून आला
तो अकरा वर्षांनी, ऑगस्टमध्ये.
विमानतळावर मी त्याच्या बॅगेला हात लावला नाही.
गाडीत तो म्हणाला,
डर्व्हला, तू अशी नव्हतीस.
मी वायपर चालू केले.
पाऊस नव्हता.

पानं क्लोदाला दिली, कडीच्या पानासकट.
तिनं ती वाचून घडी करून बुटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती घोड्यावरून उतरली,
उजव्या हातातला मोजा दातांनी ओढून काढला,
म्हणाली, मला भाऊ नव्हता,
आणि बोलण्याच्या जरा आधी
पाळी चिमटीत धरली.

दिग्दर्शकानं मान वळवून विचारलं,
हे जुळतं का मागच्याशी?

जुळतं, मी म्हटलं.

मोजा तेवढा जुळत नव्हता.
तेही लिहून ठेवलं.